शरीराचे तारायंत्र आणि शरीराचे पहारेकरी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्याख्यानाचे निमंत्रण देताना आम्हांस दोनच अटी घातल्या. विषय आबालवृद्धांस समजेल असा असावा, आणि श्रोत्यांना घरी जाताना काही उपयोगाचे बरोबर नेता यावे. आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे रोग्यांच्या सहवासात घालविलेल्या माणसाकडे शरीराखेरीज दुसरा विषय तो कोणता असणार? म्हणून आपल्या देहातील दोन व्यवस्थांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. एक बातमी पोचविणारी व्यवस्था, म्हणजे मज्जातंतू आणि इंद्रिये. दुसरी पहारा करणारी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती. या दोन्ही व्यवस्था एकाच रोगात एकमेकींच्या आड कशा येतात, हे शेवटी सांगावयाचे आहे. त्या रोगाचे नाव प्रथमच उच्चारले तर सभागृहात चुळबूळ होईल. म्हणून आरंभ आमच्या घरातील एका आठवणीने करतो.

आमच्या एक आत्याबाई होत्या. अकाली वैधव्य आल्यामुळे लहान मुलीसह त्या आमच्याच घरी राहत. 1958 च्या सुमारास आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. आत्याबाई चुलीवरचे उकळत्या आमटीचे पातेले सांडशीवाचून, पदराचा आधारही न घेता, उजव्या हाताने सहज उतरवीत. निखारा बाहेर पडला तर बोटांनी उचलून पुन्हा आत टाकीत. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणत, "हिचा हात कसा कामाने तयार झाला आहे!" आम्हां मुलांना तर तो चमत्कारच वाटे. त्यांच्या कोपरापाशी रुपयाएवढा एक फिकट चट्टा होता. तो खाजत नसे, दुखत नसे, म्हणून त्याची विचारपूस कोणी केली नाही. ज्याचे कौतुक चालले होते ते सामर्थ्य नसून बधिरता होती, हे समजण्यास आणखी चार वर्षे जावी लागली.

हाताला भाजते म्हणजे नेमके काय होते, ते आता पाहू.

पूर्वी आपल्याकडे तार येत असे. 2013 साली देशातील तारसेवा बंद झाली; पण तारवाला दारात उभा राहिला की घरातील सर्वांच्या छातीत कसे धस्स होई, हे येथील ज्येष्ठ मंडळींस आठवत असेल. शरीरातील मज्जातंतू या अशाच तारा आहेत. फरक इतकाच की तांब्याच्या तारेतून वीज वाहते, तर मज्जातंतूत ती ठिकठिकाणी नव्याने उत्पन्न होत पुढे सरकते. इटलीतील गॅल्व्हानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होताच तो झटका देतो, असे दाखविले. विजेचा आणि मज्जातंतूंचा काही संबंध आहे, हे तेव्हापासून लोकांच्या ध्यानात आले. परंतु हा संदेश किती वेगाने जातो, हे कधी मोजता येईल असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत नव्हते. 1850 साली जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्याच मज्जातंतूवर तो मोजला. वेग निघाला सेकंदास सुमारे 27 मीटर. विचाराच्या वेगाला उपमा नाही असे म्हणणाऱ्या जगाला हा धक्काच होता. आगगाडी तेवढ्या वेगाने धावू शकते!

हा संदेश उत्पन्न कसा होतो, याचा उलगडा करण्यास विसावे शतक उजाडले. कोकणातील मंडळींना समुद्रातील माकूल ठाऊक आहे. त्या जातीच्या प्राण्यात सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू असतो. इंग्लंडमधील हॉजकिन आणि हक्सली यांनी अशा तंतूत सूक्ष्म तार घालून आतील विद्युद्दाब मोजला आणि 1952 साली त्याची संपूर्ण उपपत्ती प्रसिद्ध केली. 1963 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधाचे सार असे. तंतूच्या आत पोटॅशियम अधिक आणि बाहेर सोडियम, म्हणजे आपल्या मिठातील घटक, अधिक असतो. विश्रांतीच्या वेळी आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात आणि क्षणभर आतील बाजू धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. एका जागी हा सर्व प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. पण त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, तिच्या धक्क्याने त्यापुढची. अशा रीतीने बातमी सरकत जाते.

येथे एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. हा संदेश एक तर पूर्ण जातो, नाही तर मुळीच जात नाही. लहान संदेश, मोठा संदेश असा भेद त्यात नाही. मग कोमट पाणी आणि कढत पाणी यांतील फरक कसा कळतो? देवळातील घंटेचे उदाहरण घ्या. एकाच जोराने वाजणारी घंटा एखादा भाविक मिनिटातून एकदा वाजवील, आणि आग लागली असता तीच घंटा कोणी एकसारखी बडवील. ऐकणाऱ्यास आवाजाच्या जोरावरून नव्हे, तर घाईवरून प्रसंग कळतो. मज्जातंतूही असेच बोलतात.

सर्व तारा सारख्या नसतात. जाड तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते आणि त्यांपैकी सर्वांत वेगवान तंतूंतून बातमी सेकंदास शंभर मीटरपर्यंत धावते. अत्यंत बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूंतून ती सेकंदास सुमारे एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या गतीने जाते. याचा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. उंबरठ्याला ठेच लागली की प्रथम एक तीव्र कळ येते आणि मग क्षणभराने मंद, जळजळणारी, रेंगाळणारी वेदना येते. पहिली पातळ वेष्टनाच्या तंतूंची, दुसरी उघड्या तंतूंची. आणि भाजलेला हात तर वेदना पुरती जाणवण्यापूर्वीच मागे आलेला असतो, कारण हात मागे घेण्याची आज्ञा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच देऊन टाकतो. मेंदूला त्याची खबर मागाहून मिळते. गावच्या चोरट्याला पाटलाने आधी धरावे आणि मग मामलेदाराला कळवावे, तसा हा कारभार आहे.

आता इंद्रियांकडे वळू. आपण सर्वांनी क्षणभर डोळे मिटावे आणि बाहेरच्या कडेला बोटाने अगदी हलकेच दाबावे. विरुद्ध बाजूस प्रकाशाचे वर्तुळ दिसेल. प्रकाश तर नव्हता, दाब होता. पण डोळ्याचा मज्जातंतू कशानेही चेतविला तरी मेंदू त्याचा अर्थ प्रकाश असाच लावतो. डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा या सर्वांकडून येणारे संदेश एकाच प्रकारचे असतात. कोणत्या तारेने आले, यावरून मेंदू त्यांस रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श अशी नावे देतो.

रसाचेच एक उदाहरण गृहिणींच्या सोयीचे आहे. आपल्या पूर्वजांनी षड्रस सांगितले. आजचे शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसात व काही आंबविलेल्या पदार्थांत जाणवणारी एक चव अशा पाच चवी जिभेच्या मानते. तिखट त्यांत बसत नाही, कारण तिखट ही चवच नव्हे. मिरचीतील तिखट द्रव्य ज्या संवेदनाग्राहीला चेतविते, तोच ग्राही सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने चेतविला जातो. मेंदूच्या लेखी तोंडात ठेचा गेला काय किंवा कढत चहा गेला काय, बातमी "भाजले" अशीच असते. म्हणूनच मिरचीने घाम फुटतो. हा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाचे ग्राही शोधणारे आर्डेम पटापूटियन यांना 2021 साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

स्पर्श हे इंद्रिय आपण सर्वांत कमी मोलाचे मानतो. आंधळ्याची आणि बहिऱ्याची आपण कीव करतो. ज्याचा स्पर्श गेला आहे तो माणूस दिसण्यात धडधाकट असतो, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरी एक प्रयोग करावा. केसांच्या आकड्याची दोन टोके दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरून बोटाच्या टोकावर टेकवावीत. ती दोन आहेत हे डोळे मिटूनही कळते. पाठीवर मात्र चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असले तर दोन टोकांचे एकच वाटते. बोटांच्या टोकांवर निसर्गाने इतके पहारे का बसविले आहेत, ते निराळे सांगावयास नको. जगाशी पहिली गाठ तेथेच पडते.

बातमीच्या व्यवस्थेविषयी एवढे पुरे. आता पहाऱ्याची व्यवस्था पाहू.

शरीराचा पहिला तट म्हणजे त्वचा. त्यानंतर नाकातील व घशातील चिकट द्रव, पोटातील आम्ल, आणि अश्रूंतील एक जंतुनाशक द्रव्य. हे द्रव्य पेनिसिलिनच्या शोधापूर्वीच, 1922 साली, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जगापुढे मांडले होते. तट फुटला की आतील शिपाई धावतात. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी 1882 साली इटलीतील मेसिना येथे ताराम्याच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती भटक्या पेशींनी गराडा घातला होता. परक्याला गिळणाऱ्या या पेशी आपल्या रक्तातही आहेत. गळवातील पू म्हणजे मुख्यतः या लढाईत मेलेल्या शिपायांची प्रेतेच होत. जखम लाल होते, सुजते, तापते, ठणकते, ती या युद्धामुळे.

या सामान्य शिपायांपलीकडे एक निष्णात दल आहे. त्यांतील काही पेशी प्रतिपिंडे नावाची द्रव्ये तयार करून रक्तात सोडतात. ती विशिष्ट जंतूलाच जाऊन चिकटतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी स्वतः जाऊन जंतूंनी व्यापलेल्या पेशींशी सामना करतात, किंवा गिळणाऱ्या शिपायांस चेतवून त्यांच्याकडून काम करवितात. या दलाचा मोठा गुण म्हणजे स्मरण. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर 1846 साली गोवराची साथ आली. पानुम नावाच्या तरुण डॅनिश वैद्याला आढळले की 1781 च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांपैकी कोणासही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षे शरीराने एक ओळख विसरली नव्हती!

देवी टोचण्याची युक्ती याच स्मरणावर आधारलेली होती. जेन्नर यांनी 1796 साली तो प्रयोग केला, आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लस टोचली गेली. हिंदुस्थानातील ही पहिली देवीची लस होय. येथील वडीलधाऱ्यांच्या दंडावरील गोल वण हा त्याच इतिहासाचा शिक्का आहे. 1980 साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि पुढच्या पिढ्यांच्या दंडांवर देवीच्या लशीचा वण राहिला नाही.

मग जेथे या दोन व्यवस्था एकमेकींच्या आड येतात, तो रोग कोणता? बंधुभगिनींनो, तो कुष्ठरोग. आपले आजोबा त्याला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत, आणि बहुधा काहीच न म्हणता आवाज खाली आणीत.

नॉर्वेतील बर्गेन येथे आर्मौर हॅन्सन यांनी 1873 साली या रोगाचे जंतू प्रथम पाहिले. तोपर्यंत तेथेही तो रोग आनुवंशिक मानला जाई. हा जंतू विलक्षण आळशी आहे. पुष्कळसे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधीकधी वीस वर्षेही जातात. त्यास थंडावा मानवतो, म्हणून तो कानाच्या पाळ्या, नाक, हात, पाय अशा शरीराच्या थंड भागांत वस्ती करतो. आणि राहण्यासाठी घर निवडतो ते मज्जातंतूंभोवतीच्या वेष्टनपेशींचे. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. आपल्या दारातील श्वानाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तारेचे वेष्टनच शत्रूने घर म्हणून बळकावले, तर बातमी कशी पोचावी?

तरीही शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसांस हा रोग होऊच शकत नाही. त्यांचे पहारेकरी त्यास परस्पर निकालात काढतात. बाबा आमटे यांनी एका वैद्यकीय प्रयोगासाठी या रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते. त्यांना रोग झाला नाही. उरलेल्या थोड्यांत दोन टोके असतात. ज्यांचे निष्णात दल जवळजवळ निजलेलेच असते, त्यांच्या शरीरात जंतू अमाप वाढतात. त्वचा जाड होते, कानांच्या पाळ्यांवर गाठी येतात. ज्यांचे दल जागे असते, त्यांच्यात जंतू फारसे सापडतही नाहीत. एखाददुसरा चट्टा एवढेच दिसते. परंतु तेथे निराळाच अनर्थ घडतो. जंतू मज्जातंतूत दडलेले, आणि त्यांना मारावयास आलेले सैन्य त्याच अरुंद नळीत शिरून सूज आणते. चोर धरण्यासाठी घराला आग लावावी, तसे होते. तंतू जंतूंमुळे जितका मरतो, त्याहून अधिक आपल्याच सैन्याच्या हातून मरतो. आत्याबाईंचा प्रकार हा दुसरा होता. कोपराच्या आतील बाजूस जो मज्जातंतू हाडाला घासून जातो, ज्यावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तोच त्यांचा गेला होता.

बोटे झडतात, या समजुतीविषयी एक शब्द. तमिळनाडूतील वेल्लोर येथे 1946 नंतर काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी पाहिले की रोग्यांच्या बोटांचे मांस मुळात निरोगी असते. शस्त्रक्रियेनंतर ते भरून येते. मग बोटे जातात कोठे? रोग्यांवर नजर ठेवली तेव्हा उत्तर सापडले. कोणी तापलेले भांडे धरीत असे, कोणी गंजलेले कुलूप बोट चिरेपर्यंत पिळीत असे, आणि काहींची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडीत. दुखत नसल्यामुळे कोणी जागे होत नसे. त्यावर उपाय म्हणून रोग्यांना मांजरे देण्यात आली! वेदना हा शाप आहे, असे आपण जन्मभर म्हणतो. ज्याची वेदना हिरावली गेली, त्याच्या हातांकडे पाहिल्यावर ती केवढी राखणदार आहे, हे कळते.

आत्याबाईंची करंगळी वाकू लागली तेव्हा, 1962 साली, घरच्यांनी त्यांना जिल्ह्याच्या गावी दाखविले. डॅप्सोनच्या गोळ्या त्या काळी उपलब्ध झाल्या होत्या. रोग थांबला, हात मात्र परत आला नाही. चार वर्षांपूर्वी कोणी त्या चट्ट्यावर कापसाचे बोंडूक फिरवून पाहिले असते, तर कदाचित आला असता.

यापुढील गोष्ट वैद्यकाची नव्हे, आपली आहे. रोग थांबला तरी घरात त्यांचे ताट वेगळे झाले. पंगत माजघरात, त्यांचे ताट पडवीत. त्यांची मुलगी हुशार होती, दिसावयास चांगली होती. ज्ञातीतील तीन स्थळे तिला येऊन परत गेली. कोणी कारण सांगितले नाही. पण चौकशी कोठून झाली, हे सर्वांस ठाऊक होते. पुढे तिने शिक्षिका म्हणून नोकरी केली, आईला सांभाळले, आणि अविवाहितच राहिली.

1968 च्या दिवाळीत आम्ही सुटीत घरी गेलो. त्या वेळी आम्ही वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कुष्ठरोगावरील व्याख्याने ऐकून झाली होती. आत्याबाईंपासून कोणासही संसर्ग होण्याचे कारण नाही, हे त्या घरात फक्त आम्हांस पक्के ठाऊक होते. पाटावर बसण्यापूर्वी आम्ही पडवीच्या दारात क्षणभर थबकलो. त्यांनी ते पाहिले आणि हसून म्हणाल्या, "तू आतच बस रे बाळा. मला सवय आहे." आणि आम्ही आत जाऊन बसलो. 1974 साली त्या गेल्या, तोपर्यंत ते ताट पडवीतच राहिले. पुढे चाळीस वर्षांत आम्ही कितीतरी कुष्ठरुग्णांचे हात हातात घेतले असतील; पण त्या एका दुपारचे ऋण त्याने फिटले, असे आम्हांस वाटत नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत उदाहरणांची वाण नव्हती. मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजी परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित विद्वानाची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करीत. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोड्याजवळ आनंदवन उभे राहिले. आम्ही हे सर्व वाचले होते. आमच्या घराच्या माजघरापासून पडवीपर्यंतचे अंतर तेवढे आम्हांस ओलांडता आले नाही.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आता सहा ते बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते, आणि ते सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून संसर्गाचा धोका उरत नाही. 2005 च्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. परंतु रोग संपलेला नाही. 2023 सालीदेखील आपल्या देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपले आहेत. कायदाही बदलला आहे. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते; संसदेने 2019 साली ते काढून टाकले. संसदेने जे केले, ते आपल्या बैठकीच्या खोल्यांत अजून व्हावयाचे आहे.

म्हणून घरी नेण्यासाठी काही सूचना देतो, त्या कृपा करून ध्यानात ठेवाव्यात.

अंगावर फिकट अथवा तांबूस चट्टा असेल आणि तो खाजत नसेल, दुखत नसेल, तर निर्धास्त होऊ नका. उलट त्याकडे अधिक लक्ष द्या. डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक टेकवावे आणि स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगावे. जाणीव कमी वाटली तर डॉक्टरांकडे जावे. हातापायांस मुंग्या येणे, करंगळी वाकणे, पायातून चप्पल नकळत निसटणे, हीदेखील लक्षणे आहेत. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर चट्टा एकाएकी लाल होऊन सुजला, किंवा हात अशक्त झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. आपल्याच सैन्याने आगळीक केल्याचे ते चिन्ह असते. वेळेवर औषध मिळाल्यास मज्जातंतू वाचू शकतो. रोग्याच्या निकटवर्तीयांस प्रतिबंधक औषधाची एक मात्रा देण्याची सोय आता आहे, ती घ्यावी.

पांढरे कोड आणि कुष्ठ यांची गल्लत करू नये. कोडात त्वचेचा रंग तेवढा जातो; स्पर्श शाबूत असतो, संसर्गाचा प्रश्नच नसतो. केवळ या गैरसमजाने मोडलेली लग्ने आम्ही पाहिली आहेत. आणि एक गोष्ट मधुमेही मंडळींसाठी. दीर्घकाळच्या मधुमेहातही पाय बधिर होतात. देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका बसत नसेल, तर ते पुण्याईचे लक्षण समजू नये. रोज रात्री तळपाय उजेडात पाहून मगच निजावे.

शेवटी मंडळास एक विनंती. आपले वधूवर सूचक केंद्र उत्तम चालले आहे. तेथे येणाऱ्या कुटुंबांत कोणास पूर्वी कुष्ठरोग होऊन बरा झाला असेल, तर ती माहिती कोणाच्या स्थळाआड येऊ नये, आणि कुजबुजीने जी चौकशी चालते तिला आपल्या कार्यकर्त्यांनी थारा देऊ नये, असा ठराव कार्यकारी मंडळाने करावा. रोग आनुवंशिक नाही. बरे झालेल्या माणसापासून तो कोणास होत नाही. एवढी दोन वाक्ये त्या केंद्राच्या भिंतीवर लावली, तरी आमचे आजचे येणे सार्थकी लागेल.

ज्या भागातून बातमी येत नाही, तो भाग सुखात आहे असे शरीराने मानले की बोटे जातात. आपल्या समाजातही अनेक घरांच्या पडव्या आहेत, जेथून कधी कोणी तक्रार केली नाही. तेथे जाऊन विचारपूस करण्याचे काम आपले आहे. आज संमेलनाचे सहभोजन आहे. ज्यांच्या घरी असे एखादे वेगळे ताट अजून असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर ते उचलून आत आणावे, इतकेच मागून आम्ही आपली रजा घेतो.